एक सही खोटी निघाली म्हणून अख्खं कपाट खोटं होत नाही

पत्र असं आलंय, थोडं कापून देतेय:

"ताई, मी एकतीस वर्षांचा आहे आणि गेली आठ वर्षं गोळा करतोय. जुनी पुस्तकं, पहिली आवृत्ती मिळाली तर उत्तमच, सही केलेली प्रिंट्स, कॉमिक्स, सिनेमाची पोस्टर्स, खोक्यातून कधीच न काढलेल्या खेळण्यातल्या फिगर्स. नीट मोजलं नाहीये पण पुस्तकंच दीडशेच्या आसपास असतील. माझ्याकडे एका अंतराळवीराचा सही केलेला फोटो आहे, सर्टिफिकेटसकट घेतलेला. गेल्या महिन्यात तसाच दुसरा फोटो ऑनलाइन विक्रीला दिसला, सहज म्हणून दोन्ही सह्या मोबाईलवर एकमेकांवर ठेवून बघितल्या तर रेघ न रेघ जुळली. तेव्हापासून कपाट उघडवत नाहीये. वाटतं सगळंच खोटं असेल. बायकोला सातवा महिना लागलाय, ती खोली बाळासाठी हवीये, ती कटकट करत नाही पण परवा एवढंच विचारलं की यातलं काय काय ठेवायचंय, आणि मला उत्तर देता आलं नाही. कारण किती पैसे गेलेत ते तिला माहीतच नाही, पार्सलं मी ऑफिसच्या पत्त्यावर मागवायचो, आणि तिला सांगितलंय की ही इन्व्हेस्टमेंट आहे. सगळं विकून टाकू का? खरं-खोटं ओळखायचं कसं? खरं सांगायचं तर मला मनापासून आवडतं असं एकच पुस्तक आहे त्यात, लहान मुलांचं, कणा फाटलेलं, रद्दीच्या भावात मिळालेलं. आत पेन्सिलीने कुणीतरी लिहिलंय 'बाबीस, ताप उतरला की आपण दोघं मिळून वाचू.' बायकोने एकदा विचारलं होतं ही बाबी कोण, मी विषय बदलला."

अरे, आधी एक ग्लास पाणी पी आणि मग वाच, कारण उत्तर लांब आहे.

विकू नकोस. म्हणजे आत्ता विकू नकोस, या मनःस्थितीत तर अजिबातच नको, घाबरून विकायला काढलेली वस्तू समोरच्याला लगेच कळते आणि तो त्याप्रमाणे भाव पाडतो. आणि दुसरं म्हणजे तुला अजून माहीतच नाहीये की तुझ्याकडे काय आहे, ते कळायच्या आधी ठेवायचं की विकायचं हा प्रश्नच येत नाही.

आता त्या फोटोबद्दल. तू जे केलंस ना, सह्या एकमेकांवर ठेवून बघितल्यास, ती नेमकी योग्य तपासणी आहे, आणि ती तू कुणी न शिकवता केलीस याचं मला खरंच कौतुक वाटलं. कुठलाही माणूस आयुष्यात दोनदा तंतोतंत सारखी सही करत नाही, हात थोडा तरी हलतो, कधी घाई असते, कधी कागद तिरका असतो. रेघ न रेघ जुळली तर दोनच शक्यता उरतात, एक तर सही छापलेली आहे, नाहीतर ती ऑटोपेनने केलेली आहे. ऑटोपेन म्हणजे मशीन, त्यात खऱ्या सहीचा साचा बसवायचा आणि मशीनचा हात खरं पेन धरून तीच सही पुन्हा पुन्हा गिरवतो. म्हणूनच लोक फसतात, कारण शाई खरी असते, कागदावर पेनाचा दाब पण असतो. पण भिंग घेऊन बघ, रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची दिसेल, आपण सही करताना वळणावर हलकं होतो आणि शेवटी पेन उचलतो तेव्हा रेघ निमुळती होत जाते, मशीनची रेघ टेकते तिथे ठिपका आणि थांबते तिथे ठिपका, मधेमधे बारीक थरथर. १९६०च्या दशकात नासाकडे चाहत्यांच्या पत्रांचा इतका पूर आला होता की अंतराळवीरांच्या नावाने ऑटोपेन सर्रास वापरलं जायचं, आणि जाणकार संग्राहकांनी कुठल्या अंतराळवीराचे कुठले साचे होते त्यांचे नमुनेच जमवून ठेवलेत. नील आर्मस्ट्राँगने तर १९९४ नंतर सह्या देणंच बंद केलं, म्हणून त्याच्या नावावर खोट्या सह्यांचा बाजार अजून फुगला. तेव्हा तुझा फोटो कदाचित त्या काळातला अस्सल फोटो असेलही, फक्त सही माणसाची नसेल. विकणाऱ्याने ते सांगितलं नाही ही त्याची चूक, तुझी नाही.

त्याला लिही. शांतपणे, दोन्ही सह्यांचा एकावर एक ठेवलेला फोटो जोडून, पावतीचा फोटो जोडून, सरळ पैसे परत माग. अनेक चांगले विक्रेते आणि लिलाव करणाऱ्या मोठ्या संस्था वस्तू अस्सल असल्याची हमी देतात आणि खोटी निघाली तर परत घेतात, कुणी कुणी तर मुदतीशिवाय. तो नाही म्हणाला तर ज्या साइटवरून घेतलास तिथे तक्रार टाक. पण काहीही झालं तरी तो फोटो "सही केलेला" म्हणून पुढच्या माणसाच्या गळ्यात मारू नकोस, हे तू करणार नाहीस अशी मला खात्री आहे तरी लिहितेय, कारण या छंदात अर्धं नुकसान असंच पसरतं, फसलेला माणूस आपला तोटा गुपचूप पुढे सरकवतो.

सर्टिफिकेटचं म्हणशील तर माझं मत कडक आहे. सर्टिफिकेट हा एक कागद आहे आणि कागद कुणीही छापू शकतो. १९९०च्या दशकात अमेरिकेत एफबीआयने "ऑपरेशन बुलपेन" नावाने खोट्या सह्यांची एक मोठी टोळी पकडली, त्यात खेळाडूंच्या, नटांच्या, नेत्यांच्या सह्या तर होत्याच, पण बेसबॉलच्या चेंडूवर चक्क मदर तेरेसांची सही होती, आणि असा माल सर्टिफिकेटसकट विकला जात होता. मग बघायचं काय? बघायचं सर्टिफिकेट देणारा कोण आहे, तो वस्तू स्वतः तपासतो का, चूक निघाली तर जबाबदारी घेतो का. काही ग्रेडिंग कंपन्यांचा, म्हणजे वस्तू तपासून तिचा दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांचा, माणूस सही होताना समोर उभा असतो आणि तशी नोंद लेबलवर असते, ते सगळ्यात भक्कम. बाकी तज्ज्ञ नुसती सही बघून मत देतात, ते मतच असतं, आणि मत चुकू शकतं.

आणि चुकायला कारणं पण भरपूर आहेत, सगळीच बदमाशी नसते. बीटल्स हा इंग्लंडमधला गाण्याचा बँड जोरात होता तेव्हा त्यांचे रोड मॅनेजर नील अ‍ॅस्पिनॉल आणि मॅल एव्हान्स त्यांच्या वतीने चौघांच्या सह्या ठोकायचे, कारण मागणीच तेवढी होती. हॉलिवूडची जुनी नटी जीन हार्लो, तिच्या चाहत्यांना गेलेल्या कितीतरी फोटोंवर सही तिच्या आईने केलेली आहे. म्हणजे वस्तू त्याच काळातली, थेट तिकडूनच आलेली, ज्याने दिली तोही प्रामाणिक, आणि तरी सही त्या माणसाची नाही. म्हणून "हे माझ्या आजोबांना स्वतः पाठवलं होतं" हे वाक्य खरं असूनही पुरेसं नसतं.

आता तुझी प्रिंट्स. इथे मी जरा थांबणार आहे कारण मी स्वतः इथे ठेचकाळलेय. मी घेतलेलं पहिलं सही केलेलं चित्र चार वर्षं भिंतीवर होतं, फ्रेममधून कधी काढलंच नाही, कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर, खाली सही, मला एवढा अभिमान होता त्याचा. काच तडकली म्हणून बदलायला काढलं तेव्हा दहा पटीचं भिंग हाताशी होतं, सहज सहीवर धरलं, आणि पेन्सिलीच्या रेघेऐवजी बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, गुलाबाच्या पाकळ्यांसारखी गोल गोल मांडलेली. सही चित्राबरोबरच छापलेली होती. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणाला "सही आहे असं म्हटलं होतं, हाताने केलीय असं कुठे म्हटलं होतं?" ते ऐकून मला जे वाटलं ते तू आत्ता अनुभवतोयस, मला माहितीये ते.

त्यामुळे हे कर. प्रत्येक प्रिंट फ्रेममधून काढ, टेबलावर ठेव, खोलीतला दिवा बंद कर आणि टॉर्च कागदाच्या जवळजवळ सपाटीला धरून बाजूने प्रकाश पाड. खरी पेन्सिल असेल तर रेघेला राखाडी चमक येते आणि कागदात हलकीशी खाच दिसते, मागच्या बाजूला बोट फिरवलं तर कधी कधी उठाव पण जाणवतो. छापलेल्या सहीला ना चमक ना खाच. मग भिंग धर सहीवर आणि चित्रावरही. चित्रात ठिपक्यांची जाळी दिसली तर ते साधं ऑफसेट छपाईचं काम आहे, आणि त्यावर खरी सही असली तरी ते "सही केलेलं पोस्टर" आहे, चित्रकाराने दगडावर किंवा तांब्याच्या पत्र्यावर केलेलं ओरिजिनल प्रिंट नाही. पोस्टर म्हणून त्याची किंमत असते, फक्त नाव बरोबर लावायचं. कोपऱ्यात ४२/१५० असं असेल तर दीडशेच्या आवृत्तीतली बेचाळीसावी प्रत, बेचाळीसावी म्हणजे कमी चांगली असं काही नाही. ए.पी. म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ असं लिहिलेलं असेल तर चित्रकाराच्या स्वतःसाठीच्या प्रती, त्या दीडशेत धरत नाहीत. म्हणून "फक्त दीडशे" म्हणजे एकूण किती ते विचारायचंच.

आणि सही शंभर टक्के खरी असली तरी गोष्ट संपत नाही हं. साल्व्हादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराचं उदाहरण तर डोक्यात कोरून ठेव. त्याने कोऱ्या कागदांवर सह्या करून दिल्या होत्या, हजारोंनी, आणि १९७४ मध्ये फ्रेंच कस्टमने एक गाडी अडवली त्यात सही केलेले सुमारे ४०,००० कोरे कागद सापडले. त्या कागदांवर पुढे कुणीही काहीही छापू शकत होतं. म्हणजे सही दालीची, कागद दालीच्या हाताखालून गेलेला, आणि चित्राशी दालीचा संबंध शून्य. म्हणून चित्रकाराच्या प्रिंट्सची जी छापील सूची असते, कुठल्या वर्षी कुठलं चित्र किती प्रतींत कुठल्या कागदावर आलं त्याची, ती बघितल्याशिवाय मोठ्या नावाचं प्रिंट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अशी सूची एखाद्या मोठ्या लायब्ररीत मिळते, आणि ती चाळण्यात जी मजा आहे ती खरेदीत पण नाही.

कागद खोटं बोलत नाही हे मला या छंदाने शिकवलं. टॉमस वाइज नावाचा इंग्लंडमधला संग्राहक होता, त्याच्या काळात दुर्मिळ पुस्तकांमधला शेवटचा शब्द मानला जायचा. त्याने मोठमोठ्या कवींच्या छोट्या पुस्तिका "शोधून" काढल्या होत्या, सगळ्या पहिल्या आवृत्त्यांच्याही आधीच्या. १९३४ मध्ये कार्टर आणि पोलार्ड या दोन तरुण पुस्तकविक्रेत्यांनी त्यांचा कागद तपासला, तर १८४७ साल छापलेल्या पुस्तिकेत रासायनिक प्रक्रिया केलेल्या लाकडाचा लगदा निघाला, जो इंग्लंडच्या कागदात १८७०च्या दशकाआधी येतच नव्हता. तसंच १९८३ मध्ये हिटलरच्या म्हणून ज्या डायऱ्या गाजल्या त्या कशाने पडल्या, तर कागद पांढरा दिसावा म्हणून घातलेल्या रसायनाने, जे युद्धानंतरच्या काळातलं होतं. ही तपासणी तू घरी करू शकतोस. एक छोटा यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाचा, टॉर्च घे, अंधार कर, आणि आधी आजच्या साध्या प्रिंटरच्या कागदावर मार, तो निळसर पांढरा झगमगेल. मग तुझ्या जुन्या पुस्तकांवर, जुन्या फोटोंच्या पाठीवर, पोस्टर्सवर मार. साधारण १९५० च्या आधीचा कागद असा झगमगायला नको, तो मंद, पिवळट, मेल्यासारखा दिसतो. १९३०चं म्हणून घेतलेलं पोस्टर ट्यूबलाइटसारखं पेटलं तर ते नंतरचं आहे. उलट मात्र खरं धरू नकोस, न झगमगलेला कागद जुनाच असेल असं नाही, आजही असे कागद बनतात. यूव्हीमध्ये अजून एक दिसतं, पोस्टरवर नंतर कुणी रंग भरून घडी लपवली असेल तर तो भाग वेगळा उठून येतो. पेनाचं पण तसंच, बॉलपेन बाजारात आलं १९४०च्या दशकाच्या मध्याला आणि शार्पी मार्कर १९६४ मध्ये, तेव्हा १९३५ मध्ये वारलेल्या माणसाची बॉलपेनमधली सही समोर आली तर पुढे काही तपासायची गरजच नाही.

पुस्तकांमध्ये तुला कमी त्रास होईल असं वाटतंय. कॉपीराइटचं पान उघड, तिथे बऱ्याच प्रकाशकांचे आकडे ओळीने असतात, १० ९ ८ ७ असे खाली येत, त्यातला सगळ्यात लहान आकडा म्हणजे तुझी कितवी छपाई. १ असेल तर पहिली. पण सगळे प्रकाशक असं करत नाहीत आणि जुन्या पुस्तकांत हे नसतंच, तिथे प्रत्येक प्रकाशकाची रीत वेगळी शिकावी लागते. आणि नुसतं "फर्स्ट एडिशन" छापलंय म्हणून हुरळून जाऊ नको, बुक क्लबच्या, म्हणजे सभासदांसाठी वेगळ्या छापलेल्या, आवृत्तीतही कधी कधी तेच शब्द राहून जातात. तिची खूण म्हणजे जॅकेटच्या, म्हणजे पुस्तकावर घातलेल्या सुट्या कागदी वेष्टनाच्या, आतल्या घडीवर किंमत नसते आणि कधी मागच्या पुठ्ठ्यावर कोपऱ्यात एक छोटा दाबलेला खळगा असतो. विसाव्या शतकातल्या पुस्तकांत जॅकेट म्हणजे जवळजवळ सगळं, कारण लोक ते फेकून द्यायचे, त्यामुळे आता जॅकेटची नक्कल छापून जुन्या पुस्तकाला घालतात, तेव्हा जॅकेटचा कागद आणि छपाईचे ठिपके पण भिंगाखाली बघायचे.

इन्व्हेस्टमेंट. बघ, हा शब्द तू बायकोला सांगितलास कारण "मला हे आवडतं" एवढं कारण पुरेसं वाटलं नाही, बरोबर ना? पण आता तो शब्द तपासूया. सुपरमॅनचं पहिलं कॉमिक आलं १९३८ मध्ये, छापल्या गेल्या सुमारे दोन लाख प्रती, आज शंभरेक उरल्यात असा अंदाज आहे. का, तर मुलांनी वाचली, दुमडली, एकमेकांना दिली, आयांनी रद्दीत घातली, युद्धात कागद गोळा केला गेला त्यात गेली. कुणी जपायचा विचारच केला नव्हता म्हणून ती दुर्मिळ झाली. आणि १९९१ मध्ये एक्स-मेनचा नवा पहिला अंक आला, वेगवेगळ्या कव्हरांसकट ऐंशी लाखांच्या वर प्रती गेल्या, लोकांनी पाच-पाच घेऊन पिशवीत घालून ठेवल्या की पुढे सोनं होईल. सगळ्यांनीच जपल्या. त्यामुळे तो आजही कुठेही सहज मिळतो. हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक १९९७ मध्ये हार्डकव्हरमध्ये निघालं फक्त ५०० प्रतींचं, त्यातही बऱ्याचशा लायब्ररीत गेल्या, शिक्के बसले, पोरांनी हाताळून झिजवल्या. "कलेक्टर्स एडिशन" असं खोक्यावरच छापलेल्या तुझ्या फिगर्स कुठल्या बाजूला बसतात हे तूच ठरव. माझं मत विचारशील तर बाळाच्या खोलीसाठी जागा करायची असेल तर सुरुवात तिथूनच कर. ज्या विकायच्या नाहीत त्यातल्या बॅटऱ्या मात्र काढून घे, त्या फुटून गळतात आणि खेळणं आतून खातात.

म्हणजे वर जाणारं काहीच नसतं असं नाही. पण कुठलं जाईल हे आधी कळत नाही, विकताना कमिशन जातं, आणि घाईने पैसे लागले तर हव्या त्या दिवशी गिऱ्हाईक मिळत नाही. बाळाच्या खर्चासाठी जे बाजूला ठेवायचं ते यात धरू नकोस. जे पैसे गेले तर रात्रीची झोप जाणार नाही तेवढेच इथे.

आणि त्यामुळेच, भिंग-टॉर्च घ्यायच्या आधी बायकोशी बोल. पार्सलं ऑफिसला मागवत होतास ही गोष्ट तिला ऑटोपेनपेक्षा जास्त लागेल, तयारी ठेव. तिने "यातलं काय काय ठेवायचंय" असं विचारलं, "हे काढून टाक" असं नाही म्हणाली, तेव्हा दार तिने उघडं ठेवलंय. आकडा सांग, गोल करून नको, पावत्या शोधून बेरीज करून जो येईल तो. आठ वर्षांत भागलेला आकडा नको, पूर्ण सांग. ती चिडेल, चिडू दे, लगेच "पण किंमत वाढेल" म्हणून स्वतःला वाचवायला जाऊ नकोस. आणि पुढचं एक वर्ष काहीही घ्यायचं नाही असं तूच सुचव, तसंही तुला ते वर्ष असलेलं तपासायला लागणार आहे.

मग वही कर. एक्सेल चालेल पण मला वही बरी वाटते. एका वस्तूला एक पान, कधी घेतली, कुणाकडून, पावती आहे का, काय सांगून विकली होती, आणि मी काय तपासलं, काय दिसलं. पावत्या, ईमेल, ज्या पाकिटातून आली ते पाकीटसुद्धा फेकू नकोस, वस्तू कुठून कुठे फिरत आली हे सांगणारे कागद वस्तूइतकेच महत्त्वाचे असतात, आणि पुढे कधी विकायची झाली तर याच वहीमुळे तुझ्यावर विश्वास ठेवला जाईल. फोटो काढून ठेव, विम्याचं पण विचारून घे, घराच्या साध्या विम्यात अशा वस्तू बऱ्याचदा येत नाहीत. दीडशे पुस्तकं एका आठवड्यात नाही होणार, रोज दोन घे.

पानं भरत जातील तसं तुला एक दिसेल असं वाटतंय, की यातला बराच भाग तू घेतलास कारण ते मिळत होतं. पुस्तकं, प्रिंट्स, पोस्टर्स, फिगर्स, सही दिसली की घे. पण सगळ्यातलं थोडं थोडं जमवणारा माणूस कशातच पारखी होत नाही आणि म्हणूनच फसतो. एक धागा धर, एखादा चित्रकार, एखादा प्रकाशक, किंवा एखाद्या दहा वर्षांतलीच लहान मुलांची पुस्तकं, आणि त्याच धाग्यातलं शंभर वेळा बघ, विकत न घेता बघ, लिलावाच्या आधी वस्तू मांडतात तिथे जाऊन हातात घेऊन बघ. खरी सही किती वेळा बघितलीस त्यावर खोटी ओळखणं अवलंबून आहे, त्याला शॉर्टकट नाही.

जे ठेवशील ते नीट ठेव. ती खोली रिकामी करताना खोकी माळ्यावर, तळघरात किंवा बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नकोस, दमट आणि गरम जागा कागदाला खाते. आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांत आणि तापमान २० अंशांच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे रोज वरखाली न होणारं. प्लास्टिकच्या पिशव्या उघडून वास घे, नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी आहे, ताबडतोब बदल, पॉलिएस्टरच्या पिशव्या घे, मायलर म्हणतात त्या. सही केलेलं काहीही उन्हासमोर टांगू नकोस, मार्करची शाई सगळ्यात आधी उडते आणि उडालेली परत येत नाही. फ्रेममध्ये कागद काचेला टेकता कामा नये. पांढरे हातमोजे घालून पुस्तकं हाताळू नकोस, त्याने पान धड पकडता येत नाही आणि फाटतं, साबणाने धुऊन कोरडे केलेले हात पुरे. फक्त फोटोंना मोजे घाल, तेही नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे. आणि सेलोटेप, कधीच नाही. मी सतरा वर्षांची असताना एका आवडत्या पुस्तकाच्या फाटलेल्या जॅकेटला प्रेमाने लावली होती, टेप कधीच गळून पडली पण तिचा गोंद कागदात मुरून तांबडा पट्टा झालाय, थेट लेखकाच्या नावावरून, आणि तो आता कुणालाही पूर्ण काढता येत नाही.

म्हणून तुझ्या त्या फाटक्या कण्याच्या पुस्तकाला हात लावायच्या आधी मला विचार. त्याला काही चिकटवू नकोस, सुती पट्टीने सैल बांध आणि आडवं ठेव. ती पेन्सिलीची ओळ पुसायचं तर स्वप्नातही आणू नकोस. बाजारात त्या पुस्तकाला भाव नाही हे मान्य, पण सगळ्या पत्रात तू वस्तूचं वर्णन केलंस ते एवढंच, बाकी सगळं तू नगांत मोजलंस. मला वाटतं तुझा धागा तोच आहे, कुणीतरी कुणालातरी लिहून दिलेली पुस्तकं. ती अजूनही स्वस्त मिळतात, आणि अनोळखी माणसाचं अक्षर खोटं करायला कुणी बसत नाही.

आज रात्री ते कपाटातून काढ. भिंग नको, टॉर्च नको, वही पण नको. बायकोने विचारलं होतं ना बाबी कोण, तर ते पान उघडून तिच्या हातात दे आणि सांग की मलाही माहीत नाही, पण ताप उतरला असेल का हे आठ वर्षं माझ्या डोक्यात आहे.